शिंपल्याचे शहाऐंशी डोळे

एका माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं, एवढ्यासाठी मी तेरा महिने तोंड बंद ठेवलं. तो माणूस आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि मी त्यांच्या हाताखाली नमुन्यांच्या बरण्या सांभाळत होतो. झालं ते मला हवं तसं झालं. त्याची जी किंमत पडली तीही मी सांगणार आहे, कारण अर्धा हिशेब सांगणं माझ्या स्वभावात नाही.

कॉलेज जामबागेत होतं. आमच्याकडे एकशे बारा बरण्या होत्या, त्यांपैकी अडतीस समुद्री प्राण्यांच्या. नामपल्ली स्टेशनात गाडीत बसलं तर समुद्र एका रात्रीच्या वाटेवर, पण मी तो तोवर पाहिला नव्हता आणि प्राध्यापकांनीही पाहिला नव्हता. आम्हाला ठाऊक असलेला समुद्र या अडतीस बरण्यांतला. बरणीत तारामासा पिवळट दिसे म्हणून आम्ही तो पिवळट मानत होतो.

माझं वय तेव्हा एकोणचाळीस. घर परभणीकडचं, शेतकऱ्याचं. मॅट्रिक झालो, हात चित्रकलेत बरा होता, म्हणून ही नोकरी मिळाली. प्राध्यापक माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांचं घराणं शहरातलं जुनं; आजोबा, वडील, चुलते, सगळे सरकारी हुद्द्यांवर. बाहेरच्या माणसांपुढे ते मला ‘तुम्ही’ म्हणत. प्रयोगशाळेत ‘तू’.

स्वातंत्र्याच्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांनी समुद्री प्राण्यांच्या डोळ्यांवर काम सुरू केलं. विषय त्यांना माझ्यामुळे सुचला. बरण्यांतलं पाणी बदलताना मला मोजायची सवय होती. तारामाशाच्या प्रत्येक बाहूच्या टोकाला एक तांबडा ठिपका असतो, तो त्याचा डोळा. पाच बाहू असतील तर पाच डोळे. घोड्याच्या नालासारखा एक खेकडा होता, त्याच्या कवचाच्या बाजूंना दोन मोठे जाळीदार डोळे आणि पुढे मधोमध दोन बारीक, असे चार. एक चौकोनी जेलीफिश होती. तिच्या चार बाजूंना चार इवल्या दांड्या, प्रत्येक दांडीवर सहा डोळे. म्हणजे चोवीस, आणि त्या प्राण्याला मेंदू म्हणावा असं काही नाही. आमचे शिपाई चाचा हे ऐकून म्हणाले होते, “अल्ला आदमी कू दोइच आंखां दिया साब, ओ बी बराबर नै देखता.”

सगळ्यांत अवघड होता पंख्याच्या आकाराचा शिंपला, ज्याला इंग्रजीत स्कॅलप म्हणतात. शिंपला उघडला की आतल्या मांसाला वर एक आणि खाली एक अशा दोन झालरी दिसतात. झालरींच्या काठाला बारीक मिशा, आणि त्या मिशांमध्ये ओळीनं डोळे, मोहरीपेक्षा लहान. प्रत्येक डोळ्याला भिंग आहे आणि भिंगामागे आरशासारखा चकचकीत थर. पुस्तकात संख्या नव्हती. ‘पुष्कळ’ असं लिहिलेलं होतं. मला ‘पुष्कळ’ हा शब्द आवडत नाही. मी एकटा बसून ते डोळे दोनदा मोजले होते. वरच्या झालरीवर सत्तेचाळीस, खालच्या झालरीवर एकोणचाळीस, एकूण शहाऐंशी. वहीत नोंद केली होती.

प्राध्यापकांना ते आपल्या समोर मोजून हवे होते. मी झालर ताटलीत पसरली. मिशांच्या गर्दीत सुई वाट चुकते, म्हणून टाचण्या लावून प्रत्येक झालरीचे सहा खण पाडले आणि एकेक खण वेगळा मोजायला घेतला. माझा डोळा भिंगाला, हातात सुई. प्राध्यापक शेजारी उभे राहून माझ्या आकड्यागणिक वहीत एक रेघ ओढत होते.

मी मोजत होतो ते आमच्या घरच्या रीतीनं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. लाभ म्हणजेच एक. वडील तसं मोजत, मीही तसंच शिकलो, आणि लक्ष कामात असलं की तोंडातून तेच येतं. बारा खण, बारा वेळा लाभ. प्राध्यापकांनी शेवटी रेघांची बेरीज केली, वही मिटली आणि निघून गेले. किती झाले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला माझा आकडा ठाऊक होता.

हिवाळ्यात त्यांचं व्याख्यान ठरलं, सुलतान बाजाराजवळच्या एका मराठी वाचनालयाच्या सभागृहात. त्या दिवसांत सभेला परवानगी लागे आणि ती सहसा मिळत नसे. देश स्वतंत्र झाला होता, आमचं संस्थान बाहेरच होतं, आणि चार मराठी माणसं एकत्र बसली की पोलिसांना त्यात राजकारण दिसे. समुद्री प्राण्यांच्या डोळ्यांना मात्र कुणी हरकत घेतली नाही. त्यामुळे झालं असं, की ज्यांना प्राण्यांत काडीचा रस नव्हता तेही आले. सतरंज्या कमी पडल्या. बायकांच्या बाजूला माझी पत्नी होती. पहिल्या रांगेत माझे सासरे होते.

प्राध्यापक बोलले छान. तारामासा झाला, खेकडा झाला, जेलीफिशच्या चोवीस डोळ्यांवर लोक हसले. मग शिंपला आला. “पुस्तकांत ही संख्या नाही,” ते म्हणाले. “मी स्वतः भिंगाखाली सुईनं मोजली. चौऱ्याहत्तर.”

स्वतः म्हणाले ते मी गिळलं असतं. पण आकडा चुकला होता. मी जागेवर उभा राहिलो.

“शहाऐंशी आहेत, साहेब.”

ते थांबले, हसले आणि लोकांकडे वळले. “हे आमच्याकडे बरण्या पुसतात. परभणीकडचे आहेत. परवा यांनीही शिंपल्याचे डोळे मोजून दाखवले मला. कसे मोजले सांगू? लाभ, दोन, तीन! मी मनात म्हटलं, अहो, हा शिंपला आहे, जोंधळ्याचं खळं नाही.”

सभागृह हसलं. ते पुढे म्हणाले, “यांच्या शहाऐंशीत थोडे देवाच्या वाट्याचेही असतील. ते आपण सोडून देऊ.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बलुत्याचे पण काढा मास्तर!” मग तर सासरेही हसले. मी पाहिलं.

उभ्या उभ्याच मला चूक कळली. ‘लाभ’ हा त्यांनी सुरुवातीचा मंगलशब्द धरला होता आणि त्याची रेघ ओढली नव्हती. लक्ष रेघांवर होतं, माझ्या आकड्यांवर नव्हतं. खणामागे एक, असे बारा डोळे त्यांच्या वहीतून गळाले. एका वाक्यात मी हे सांगू शकलो असतो, आणि हसणं त्यांच्याकडे वळलं असतं. पण एवढ्याशा हसण्यानं माझं भागणार नव्हतं. इथे त्यांचे मित्र होते, नातेवाईक होते. दोन दिवसांत विसरले असते. मी खाली बसलो.

घरी जाताना सुलतान बाजारच्या गर्दीत पत्नी माझ्या मागून चालत होती. ती म्हणाली, “अहो, उठलात कशाला?” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि उठलात तर बसलात कशाला?”

तिला मी सांगितलं, “त्यांची चूक मला समजली आहे. ती मी जपून ठेवणार आहे.”

“चूक काय लोणचं आहे जपून ठेवायला?”

“मुरली की उपयोगी पडते,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या कापड दुकानदारानं मला “या लाभशेट” अशी हाक मारली. वर्षभर मारत राहिला. मी दुकान बदललं, तर तिथेही ती हाक पोचलेली होती.

प्राध्यापकांना शिंपल्याचा मोठा तक्ता भिंतीवर लावायचा होता. काढायचं काम माझंच. मी चित्र काढलं, उर्दूत आणि इंग्रजीत चौऱ्याहत्तर लिहिलं आणि विचारलं, “साहेब, खाली मोजणाऱ्याचं नाव घालू का? पुस्तकांत घालतात.”

ते खूश झाले. “घाल की.”

मी त्यांचं पूर्ण नाव पदवीसकट घातलं. इतकं सुबक अक्षर मी पुन्हा कधी काढलेलं नाही. आता तो आकडा त्यांचा झाला होता.

यानंतर दिवस वाईट आले. लोक शहर सोडून जाऊ लागले. मी पत्नीला आणि दोन मुलींना सोलापूरला मेहुण्याकडे पाठवलं. प्राध्यापक पुण्याला गेले. कॉलेज उघडं असलं तरी वर्गात चार-पाच मुलं असत. मी आणि चाचा, दोघंच बरण्यांच्या संग्रहालयात बसून राहायचो. संस्थानाभोवतीच्या नाकेबंदीमुळे बाहेरून काही येत नव्हतं. मीठ मिळायची मारामार, तिथे नमुने टिकवणारं फॉर्मलिन कुठून येणार. बरण्यांतलं पाणी उडत चाललं होतं. कुठल्या वाचवायच्या आणि कुठल्या जाऊ द्यायच्या, हे मला ठरवायचं होतं.

आमच्याकडे एक माकूळ होती, म्हणजे इंग्रजीतली कटलफिश, हातभर लांबीची. तिचा डोळा रुपयाएवढा, बुबुळाची फट नागमोडी. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत माणसाच्या इतका जवळ जाणारा डोळा दुसरा मी पाहिलेला नाही. संग्रहालयातला सर्वांत मोलाचा नमुना तोच. तिच्या बरणीतलं फॉर्मलिन मी शिंपल्याच्या बरणीत ओतलं. चाचांनी पाहिलं. म्हणाले, “बडी चीज मार को छोटी कू बचा रैं. कैकु साब?”

“काम आहे तिचं,” मी म्हणालो.

तीन आठवड्यांत माकूळ सडली. मी ती मागच्या आवारात पुरली. नोंदवहीत ‘नष्ट’ असं लिहिलं, कारण मात्र लिहिलं नाही. नोंदवहीत कारणाचा रकाना मी मोकळा सोडला तो तेवढा एकदाच.

सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली. पाच दिवसांत सगळं संपलं. पत्नी आणि मुली परत आल्या, प्राध्यापकही परत आले. नवा अंमल, नवे कागद. बाहेरच्या विद्यापीठांतली माणसं कॉलेजं पाहायला येऊ लागली. आमच्याकडे मद्रासकडचे एक गृहस्थ येणार होते. प्राणिशास्त्राचा विभाग वाढवायचा की नाही, आणि वाढवला तर त्याचे प्रमुख कोण, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. प्राध्यापकांनी प्रमुखपद मनात जवळजवळ घेतलंच होतं. मलाही प्रयोगदर्शकाची जागा मिळू शकेल असं ऑफिसातले लोक म्हणत होते.

येण्याच्या आदल्या दिवशी प्राध्यापक तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ते चौऱ्याहत्तर बरोबर आहे ना रे?”

मी खोटं बोलत नाही. खरं बोलायची मात्र मला तेव्हा घाई नव्हती. “मोजणी तुमच्या वहीतली आहे, साहेब,” मी म्हणालो. “वही काढून देऊ का?”

“नको,” ते म्हणाले.

मद्रासचे गृहस्थ पन्नाशीचे, काटकुळे, खिशात स्वतःचं भिंग बाळगणारे. किनाऱ्यावर पंचवीस वर्षं काढलेली. ते इंग्रजीत बोलत होते. बारा-तेरा मुलं मागे उभी होती. शिंपल्याच्या बरणीसमोर ते थांबले आणि म्हणाले, “जिवंतपणी हे डोळे निळे असतात. नुसती तुमची सावली पडली तरी शिंपला पटकन मिटतो.” आम्ही सगळे पांढुरक्या ठिपक्यांकडे पाहत राहिलो. व्याख्यानात प्राध्यापक त्यांना मोत्याची उपमा देऊन बसले होते.

मग त्यांनी तक्ता वाचला. “तुम्ही स्वतः मोजले?”

“हो,” प्राध्यापक म्हणाले.

“वा. सहसा कुणी मोजत नाही. प्रत्येक शिंपल्यात संख्या वेगळी असते, म्हणून मी जो भेटेल तो मोजून बघतो. सवय आहे माझी. काढता का बाहेर?”

ताटली, टाचण्या, सुई आणि दिवा मी सकाळीच मांडून ठेवले होते. मद्रासच्या गृहस्थांना टाचण्या लागल्या नाहीत. हात इतका सराईत की बघत राहावं. ते संपवून वर बघत म्हणाले, “शहाऐंशी.” पुन्हा मोजले. पुन्हा शहाऐंशी.

प्राध्यापक तक्त्याकडे वळले. ते म्हणाले, “वयाप्रमाणे यांचे डोळे वाढत जातात.”

“खरं आहे,” गृहस्थ म्हणाले. “मेल्यावरही?”

मुलं हसली. मागचा एक मुलगा तर भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी प्राध्यापकांचा चेहरा बघत होतो. तेरा महिने मी तो चेहरा मनात रंगवला होता, पण प्रत्यक्षातला जास्त चांगला निघाला.

“मोजून दाखवा,” गृहस्थांनी सुई त्यांच्या हातात दिली. प्राध्यापकांनी सुई पेन्सिलीसारखी धरली. एकतीसपर्यंत गेले, मिशांत हरवले, पुन्हा सुरू केलं, एकोणिसावर थांबले. गृहस्थांनी सुई हळूच काढून घेतली आणि माझ्याकडे वळले.

“सामान आधीच मांडून ठेवलं होतं. तुम्हाला आकडा ठाऊक होता?”

“हो.”

“किती?”

“शहाऐंशी.”

“कधीपासून?”

“तेरा महिन्यांच्या वर झाले.”

“आणि या तक्त्यावरून किती मुलं शिकली?”

हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं, हजेरीपट माझ्याकडेच असे. “एकेचाळीस,” मी म्हणालो.

त्यांनी भिंग खिशात टाकलं. मग दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, “तुमच्या विभागात एकाला मोजता येत नाही आणि दुसऱ्याला सांगता येत नाही.”

अहवालही तसाच गेला. प्रमुखपदावर बाहेरचा माणूस आला. प्रयोगदर्शकाच्या जागेवरही बाहेरचा आला. घरी सांगितलं तेव्हा पत्नी म्हणाली, “त्यांचं एक गेलं, तुमचं एक गेलं. मग जिंकलं कोण?”

“त्यांचं वर्गासमोर गेलं,” मी म्हणालो. “माझं कागदावर गेलं.”

“अन् मुलींना काय सांगू?”

“बाबा होते तिथेच आहेत म्हणून सांग.”

ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला लागलं, पण निवड पुन्हा करायची असती तर मी तीच केली असती. दोघांनाही मिळेल किंवा दोघांनाही नाही, अशा दोनच वाटा असतील तर मला दुसरी चालते.

एकेचाळीस मुलांचं मात्र मला पटलं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. मी पत्रं लिहून, निरोप धाडून त्यांना खरा आकडा कळवला. सदतीस जणांना पोचला. चौघं त्या गडबडीत कुठे गेले याचा पत्ता लागला नाही. त्या चौघांच्या डोक्यात शिंपल्याला अजून चौऱ्याहत्तर डोळे असतील, आणि ते माझ्यामुळे.

मद्रासच्या गृहस्थांनी जाताना एक लेखी सूचना ठेवली होती. संग्रहालयातल्या समुद्री प्राण्यांच्या सर्व मोजण्या प्राध्यापकांनी नव्यानं कराव्यात आणि नमुने सांभाळणाऱ्यानं त्या तपासून सही करावी. नव्या प्रमुखांनी ती तशीच लागू केली. त्यामुळे रोज दुपारी दोन ते चार प्राध्यापक भिंगाला डोळा लावून बसू लागले आणि मी शेजारी वही घेऊन.

त्यांचं चुकलं की मी फक्त “पुन्हा” म्हणत असे. कुठे चुकलं ते सांगत नसे. सूचनेत सांगावं असं लिहिलेलं नव्हतं. एका तारामाशाला सहा बाहू होते. त्यांनी बघण्याआधीच सवयीनं “पाच” म्हटलं. पुन्हा. चौकोनी जेलीफिशच्या दांडीवर दोनच डोळ्यांना नीट भिंग असतं, बाकीचे चार नुसते खड्डे आणि चिरा. व्याख्यानातला चोवीसचा आकडा माझ्या वहीतला होता, तो त्यांच्या ध्यानात राहिला नव्हता; त्यांनी चार दांड्यांचे आठ मोजले. पुन्हा. त्या एका बरणीला त्यांना चार दुपारी लागल्या. एकदा ते म्हणाले, “निदान दांडीवर किती ते तरी सांगा.” मला ‘तुम्ही’ म्हणायला लागून तेव्हा महिना झाला होता. मी म्हणालो, “दिव्याची वात वर करू का?”

चाचा दाराशी बसून हे बघत. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, “बस करो साब. बुढ्ढा हो गया उनों.”

“माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे आहेत,” मी म्हणालो.

शेवटची बरणी मी मुद्दाम मागे ठेवली होती. तिच्यात कायटन होता, खडकाला चिकटून राहणारा एक चपटा प्राणी. पाठीवर एकामागे एक आठ तकटं, म्हणजे कवचाच्या पट्ट्या, आणि त्या तकटांतच रुतलेले डोळे, सुईच्या अग्राएवढे काळे ठिपके. त्यांची भिंगं चुनखडीची असतात, कवचासारखीच कठीण. काही जातींत ते हजारांवर जातात. जुन्या तकटांवरचे झिजून गेलेले असतात, त्यामुळे ठिपका कुठला आणि ओरखडा कुठला ते ओळखणं कठीण.

प्राध्यापकांना एका तकटाला आठवडा लागला. आठ तकटं संपली तेव्हा पुढच्या वर्षीचा उन्हाळा लागला होता. त्यांनी बेरीज केली, दोनदा तपासली आणि वही माझ्यापुढे सरकवली. आकडा चार अंकी होता. डोळे लाल झालेले, हात मांडीवर ठेवून ते माझ्याकडे बघत होते.

मी आकडा वाचला. वही त्यांच्याकडे परत सरकवली.

“पुन्हा,” मी म्हणालो.

त्यांनी भिंग पुसलं आणि पहिल्या तकटाला लागले. त्या कायटनचे डोळे मी कधीच मोजलेले नव्हते.